झ पार्ल, त्यु पार्ल आणि आपलं 'करून राहिलो'

फ्रेंच शिकायला बसलं की पहिले दोन महिने माणूस फार साधं आयुष्य जगतो. राहतो, बोलतो, काम करतो, चालतो, ऐकतो, बघतो, शोधतो, जेवतो. त्याला भूतकाळ नसतो आणि भविष्याची काळजीही नसते. "मी नागपुरात राहते. मी मराठी बोलते. मी सकाळी रेडिओ ऐकते. आम्ही रात्री नऊला जेवतो." बस्स. सगळा वर्तमानकाळ, आणि तोही फक्त नियमित क्रियापदांचा.

या वयात हा उद्योग कशाला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. कारण घरगुतीच आहे. भाची ल्योंला असते. तिच्या पाच वर्षांच्या लेकीला मराठी कळतं, पण तोंडातून निघतं ते फ्रेंच. फोनवर ती दिवसभराचं काहीतरी भराभर सांगते आणि मग तिची आई मला त्याचा सारांश देते. नातीचं बोलणं सारांशात ऐकायचं म्हणजे पुरणपोळीचं नुसतं वर्णन ऐकण्यासारखं आहे. म्हणून धरमपेठेतल्या एका लहानशा क्लासात नाव घातलं. शिकता शिकता या साध्या क्रियापदांच्या मागे जो इतिहास दिसला, तो आज इथे मांडते.

फ्रेंचमधली सुमारे नव्वद टक्के क्रियापदं एका गटात बसतात. मूळ रूपाच्या शेवटी रोमन 'ई' आणि 'आर'. शेवटची ही दोन अक्षरं काढायची आणि कर्त्याप्रमाणे प्रत्यय लावायचा. 'पार्ले' म्हणजे बोलणे. त्याची रूपं अशी: झ पार्ल (मी बोलते), त्यु पार्ल (तू बोलतेस), इल पार्ल (तो बोलतो), नू पार्लों (आम्ही बोलतो), वू पार्ले (तुम्ही बोलता), इल पार्ल (ते बोलतात).

रोमन लिपीत बघितलं तर सहा जागांवर पाच वेगळे शब्द दिसतात. पण देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिलं की पितळ उघडं पडतं: मी, तू, तो आणि ते, चौघांचं 'पार्ल' एकच! 'ते'च्या रूपाला शेवटी ईएनटी अशी तीन अक्षरं लावतात. आपल्याकडे ईएनटी म्हणजे कान-नाक-घशाचे डॉक्टर. फ्रेंचमधलं हे ईएनटी मात्र ना कानाला ऐकू येतं, ना नाकात वाजतं, ना घशातून निघतं. ते फक्त कागदावर असतं.

मग लिहायचं तरी कशाला? तर ती दोन हजार वर्षांपूर्वीच्या लॅटिनची खूण आहे. लॅटिनमध्ये 'गाणे' या क्रियापदाची रूपं होती कान्तो, कान्तास, कान्तात, आणि अनेकवचनात 'ते गातात'साठी कान्तान्त. प्रत्येक रूप कानाला वेगळं. त्यामुळे 'मी', 'तू' म्हणायची गरजच नसे. लोक बोलत गेले, शेवटचे स्वर-व्यंजनं झिजत गेली आणि आजच्या फ्रेंचमध्ये चारही जागी नुसतं 'शाँत' उरलं. आता कोण गातं ते कळावं म्हणून 'झ', 'त्यु', 'इल' लावणं भागच पडतं. आपण निघताना नुसतं "येते" म्हणतो आणि तेवढ्यात कर्ता, लिंग, वचन सगळं आलेलं असतं. फ्रेंच माणसाची नुसत्या क्रियापदावर अशी सोय नाही.

शब्दांचे अर्थही असेच वापरून वापरून बदललेत. 'पार्ले' हा शब्द आला 'पाराबोला'पासून, म्हणजे दृष्टांतकथा. चर्चमध्ये येशूचे दृष्टांत सांगता सांगता 'दृष्टांत देणे'चं 'बोलणे' झालं. 'त्रावाये' म्हणजे काम करणे. बहुतेक कोश त्याचं मूळ 'त्रिपालियुम' या तीन खुंटांच्या छळयंत्रात दाखवतात. सोमवारी सकाळी कामावर निघालेल्या कुणालाही ही व्युत्पत्ती पटावी!

आता आपल्या घरात डोकावू. 'करतो, करते, करतात' ही रूपं आपण इतक्या सहज वापरतो की त्यांनाही काही इतिहास असेल असं मनात येत नाही. तो इतिहास नीट मांडणाऱ्यांपैकी एक होता फ्रेंच माणूस, झ्यूल ब्लोक. मराठी भाषेच्या घडणीवरचा त्याचा फ्रेंच ग्रंथ १९२० साली पॅरिसमध्ये छापून आला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो पुढे 'मराठी भाषेचा विकास' या नावाने मराठीत आणला. पॅरिसच्या माणसाने आपल्या क्रियापदांची कुळकथा शोधावी आणि मी नागपुरात बसून त्याच्या क्रियापदांची घोकंपट्टी करावी, याची मला मोठी गंमत वाटते.

तर कुळकथा अशी. जुन्या मराठीत 'तो करतो'साठी 'करी' होतं आणि 'म्हणतो'साठी 'म्हणे'. ज्ञानेश्वरीत हा वर्तमानकाळ जागोजागी भेटतो. पुढे ती रूपं मागे सरकली आणि आज आपण ती 'आजोबा रोज पहाटे उठत, देवळात जात. आजी जात्यावर बसे' अशा जुन्या आठवणींसाठी वापरतो. व्याकरणात त्याला रीतिभूतकाळ म्हणतात. कालचा वर्तमानकाळ आज आठवणींचा काळ झाला! म्हणींनी मात्र तो अजून ताजा ठेवलाय. 'थेंबे थेंबे तळे साचे', 'देव तारी त्याला कोण मारी'. यातलं साचे, तारी, मारी हे सगळं जुन्या मराठीचं 'आत्ता' आहे.

रिकाम्या झालेल्या जागेवर आलं 'करत' हे धातुसाधित, प्राकृतातल्या 'करंत'चं. ज्वलंत, जिवंत या शब्दांत तो 'अंत' अजून ऐकू येतो. आणि फ्रेंचमध्ये 'गात असलेला' याला म्हणतात 'शाँताँ', लॅटिनच्या 'कान्तान्तेम'वरून. हा 'न्त' आणि आपल्या 'जिवंत'मधला 'न्त' एकाच प्राचीन प्रत्ययाची लेकरं आहेत. धातुसाधित म्हणजे एक प्रकारचं विशेषणच, म्हणून ते आपल्याबरोबर लिंगही घेऊन आलं. त्यामुळे मी 'बोलते' आणि माझा नवरा 'बोलतो'. (कोल्हापूरकडच्या मुली 'मी येतो' म्हणतात, तो वेगळा आणि गोड विषय आहे.) 'झ पार्ल'मध्ये मात्र बोलणारा बाई की बुवा, पत्ता लागत नाही.

एवढं झाल्यावर प्रश्न पडला, नागपुरात फ्रेंच बोलणारे याआधी कोण आले असतील? उत्तर सदरमध्येच उभं आहे. 'एसएफएस' हे नाव नागपुरात कुणाला माहीत नाही? पण या तीन अक्षरांमागचा सेंट फ्रान्सिस डी सेल्स हा फ्रेंचमध्ये लिहिणारा बिशप होता, हे फारसं कुणी सांगत नाही. १५६७ ते १६२२ हा त्याचा काळ. राहणं आल्प्सच्या पायथ्याशी, सव्हॉय प्रांतातल्या आनसी गावी. १६०९ साली त्याने भक्तिमार्गावर एक पुस्तक प्रसिद्ध केलं, तेही विद्वानांच्या लॅटिनमध्ये न लिहिता लोकांच्या फ्रेंचमध्ये. मठात न जाता, घरसंसार, दुकान, नोकरी सांभाळून देवाची भक्ती कशी करावी, हा त्याचा विषय. संस्कृत बाजूला ठेवून मराठीत लिहिणाऱ्या आपल्या संतांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. १९२३ साली पोपने त्याला लेखक-पत्रकारांचा आश्रयदाता संत ठरवलं. म्हणजे ब्लॉगवाल्यांचाही म्हणायला हरकत नाही!

त्याच्या नावाने १८३८ साली आनसीत एक मिशनरी संघ निघाला. त्याचे पहिले पाद्री १८४५ साली हिंदुस्थानात उतरले. विशाखापट्टण हे मुख्य ठाणं, पण नागपूर-कामठीचा मुलूखही त्यांच्याच वाट्याला होता. नागपूरची शाळा १८७० ची आणि स्वतंत्र धर्मप्रांत १८८७ चा. हे पाद्री निघाले तेव्हा आनसी फ्रान्समध्ये नव्हतंच. सव्हॉय फ्रान्सला जोडला गेला १८६० साली. त्याच्या सहा वर्षं आधी, १८५४ मध्ये, डलहौसीने भोसल्यांचं नागपूर खालसा केलं होतं. पाद्री ज्या गावाहून आले तेही आणि ज्या गावी आले तेही, दोन्ही गावांचे धनी एका दशकाच्या आत बदलले.

आणि मुद्दा इथेच येतो. सव्हॉयच्या खेड्यापाड्यांत, घरात, गोठ्यात बोलली जायची ती पुस्तकी फ्रेंच नव्हे. तिथली बोली वेगळी, क्रियापदांची रूपंही तिची स्वतःची. सगळ्या फ्रान्सची हीच गत होती. १७९४ साली आबे ग्रेग्वारने राज्यक्रांतीच्या सरकारला अहवाल दिला, की किमान साठ लाख लोकांना फ्रेंच मुळीच येत नाही, आणखी तितक्याच लोकांना धड संभाषण करता येत नाही आणि शुद्ध बोलणारे तीस लाखांच्या वर नसतील. शीर्षकच होतं बोलीभाषा नष्ट करण्याच्या गरजेबद्दल! पुढे १८८१-८२ च्या कायद्यांनी शाळा मोफत आणि सक्तीची झाली. शिक्षण घरोघर पोचलं हे खरंच. पण वर्गात घरची बोली बोलणाऱ्या पोरांना शिक्षाही झाल्या. मी वहीत घोकते ती 'नियमित' रूपं फ्रान्सभर पोचली ती अशी. ती निम्मी लोकांच्या तोंडाने घडवली आहेत आणि निम्मी शाळेच्या छडीने.

हे वाचताना मला आपलं 'करून राहिलो' आठवलं. पुण्याच्या लग्नात आमच्यापैकी कुणी "पाऊस येऊन राहिला" म्हटलं की चार माना वळतात आणि दोन ओठ दाबले जातात. "येतोय म्हणा ना!" आमच्या घरातल्या मुली बाहेरगावी शिकायला गेल्या की हे रूप आधी सोडतात. माझी भाचीही कॉलेजात तेच शिकली. आता ती लेकीशी अगदी नीटनेटकं प्रमाण मराठी बोलते.

पण 'करून राहिलो'चा इतिहास बघा. भोसल्यांच्या राज्यात मराठीच्या जोडीला हिंदी आणि छत्तीसगढी बोलणारा मोठा मुलूख होता. १८६१ साली मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. तिथपासून १९५६ पर्यंत, जवळजवळ शंभर वर्षं, हे शहर हिंदी-मराठी अशा दुभाषी प्रांताचं मुख्य ठिकाण होतं. कचेरीत, बाजारात, शाळेत दोन्ही भाषा शेजारी बसत. 'कर रहा हूँ'च्या शेजारी 'करून राहिलो' उभं आहे, यात नवल काय? आणि ते गबाळंही नाही. मी करून राहिली, तू करून राहिला, ते करून राहिले: नियम चोख, अपवाद नाही. 'पार्ले'इतकंच नियमित.

त्यात आणखी एक गंमत. फ्रेंचमध्ये 'मी खाते' आणि 'मी खात आहे' दोन्हींना रोजच्या बोलण्यात एकच 'झ माँझ' चालतं. आत्ता, या क्षणी, असं ठासून सांगायचं तर लांबलचक वाक्प्रचार वापरावा लागतो. आमच्याकडे दोन शब्दांत काम होतं: खाऊन राहिली.

याच दुभाषी राजधानीत १९३९ साली मंडल्याच्या जंगलातून एक मुलगा चित्रकला शिकायला आला. वडील वनखात्यात. हा सय्यद हैदर रझा. १९४३ पर्यंत नागपूर स्कूल ऑफ आर्ट, मग मुंबईत जे. जे. १९४८ साली काश्मिरात छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ भेटले आणि त्यांनी सेझानची चित्रं अभ्यासायला सांगितली. रझांनी मुंबईत आलियाँस फ्राँसेझमध्ये फ्रेंच शिकायला सुरुवात केली आणि ऑक्टोबर १९५० मध्ये शिष्यवृत्तीवर फ्रान्सला गेले. त्यांच्याही वहीत पहिल्या पानांवर हीच क्रियापदं असणार: राहणे, बघणे, शोधणे. ('रेखाटणे' नियमित आहे, पण 'रंगवणे' अनियमित निघतं, चित्रकाराची केवढी पंचाईत!) तिथे ते साठ वर्षं राहिले, १९५६ साली समीक्षकांचा मानाचा पुरस्कार मिळवला, फ्रेंच चित्रकर्तीशी लग्न केलं. पण चित्रांवर शब्द लिहायचे तेव्हा ते देवनागरीत हिंदी लिहीत. २०१० च्या अखेरीस ते भारतात परतले, २०१६ साली गेले आणि इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांशेजारी विसावले. नवी भाषा घेताना जुनी खाली ठेवावी लागत नाही, याचं इतकं चांगलं उदाहरण मला आमच्या गावाशी जोडलेलं दुसरं माहीत नाही.

म्हणून भाचीला जाहीरपणे सांगते (ती हे वाचते): लेकीला प्रमाण मराठी शिकवते आहेस, फार छान. जोडीला 'मी जेवून राहिली'ही शिकव. तिच्या शाळेतल्या फ्रेंचमागे कुणाच्या तरी आजीची बोली हरवली आहे. आपल्याकडे आजीही आहे आणि बोलीही.

आणि मंडळी, तुमच्या गावात 'मी आत्ता करत आहे' हे कसं म्हणतात? करतंय, करूलालो, करतांव, जे असेल ते कळवा. बरोबर काय ते बघायचं नाहीये. जसं घरात ऐकलंत तसंच लिहा.