गाठी मोजल्या, माणसे कधी मोजली?

"प्रवासीच नाहीत, मग गाडी कशाला चालवायची?" विरळ वस्तीच्या भागातली रेल्वे बंद करताना हा प्रश्न हमखास विचारला जातो. आमचा उलट प्रश्न आहे: रूळ टाकले तेव्हा कुणी माणसे मोजली होती का?

वऱ्हाडातली 'शकुंतला' घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने ही नॅरोगेज लाइन उभी केली. मूर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर 76. कारंजा, दारव्हा, दर्यापूर, अंजनगाव या पट्ट्यातला कापूस मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला पाठवायचा, हा उद्देश. तेव्हा गाठी मोजल्या गेल्या. गावे छोटी आहेत, लांब लांब आहेत, ही अडचण कुणालाच दिसली नाही.

स्वातंत्र्यानंतर देशातली रेल्वे सरकारी झाली, ही लाइन मात्र खासगी मालकीचीच राहिली. रेल्वे खाते मोबदला देऊन ती चालवत राहिले. मालक पैसा घालीना आणि सरकार दुसऱ्याच्या रुळांवर खर्च करीना. 1921 सालचे वाफेचे इंजिन 1994 पर्यंत गाडी ओढत होते. 113 किलोमीटरला सहा तासांहून जास्त वेळ लागायचा. 2016 मध्ये ब्रॉडगेजची घोषणा झाली, गाडी मात्र थांबली ती थांबलीच. आधी गाडी कुजवायची आणि मग लोक बसत नाहीत म्हणायचे, ही कुठली रीत?

आम्हा आंबेडकरवाद्यांना या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. 1901 साली नऊ वर्षांचे भीमराव भाऊ आणि भाच्यांसह साताऱ्याहून वडिलांकडे निघाले. मसूर स्टेशनपर्यंत आगगाडीने आले. पुढे रूळ नव्हते. न्यायला कुणी आले नाही आणि मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल करून, बैलगाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने शेजारून चालायचे, असे ठरले. रात्रभर त्यांना प्यायला पाणी मिळाले नाही. हे बाबासाहेबांनीच 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे.

म्हणून रेल्वे जातमुक्त होती असे आम्ही म्हणत नाही. रेल्वेतून येणारा उद्योग जातींची वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडील असे मार्क्सने 1853 मध्ये लिहिले होते. त्याला उत्तर द्यायला मसूरचा तो स्टेशनमास्तर पुरेसा आहे. पण फरक लक्षात घ्या. मनात विटाळ असूनही स्टेशनमास्तर तिकीटवाल्या मुलाला गाडीतून उतरवू शकत नव्हता. गाडीवान नाही म्हणू शकत होता, आणि म्हणाला. वाहन सार्वजनिक असले की भाडे भरणाऱ्याचा हक्क तयार होतो. ते खासगी झाले की मालकाची मर्जी चालते. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असा आग्रह धरला. तो आग्रह आम्ही या अनुभवाशेजारी ठेवून वाचतो.

"मग एस.टी. आहे ना?" आहे, आणि जिथे ती दिवसातून चार वेळा वस्तीपर्यंत येते तिथे रेल्वेचाच हट्ट आम्ही धरणार नाही. पण एस.टी.ची फेरीही याच हिशेबाने तोट्यात निघते आणि बंद होते. मग उरते ती गावातल्या बड्याची जीप.

ब्रिटनने हा हिशेब करून पाहिला आहे. 1963 च्या बीचिंग अहवालाने 2,363 स्थानके आणि सुमारे 5,000 मैलांचे मार्ग बंद करायला सुचवले. आडमार्गावरचा प्रवासीच पुढे मुख्य मार्गावर जातो, हे त्या आकडेमोडीत नीट आले नाही. पाचच वर्षांत, 1968 च्या कायद्याने, तोट्यातल्या पण समाजाला लागणाऱ्या मार्गांना सरकारी अनुदान द्यावे लागले. स्कॉटलंडमधला 1969 साली बंद केलेला एक मार्ग 2015 मध्ये, पुन्हा खर्च करून, अर्धामुर्धा सुरू झाला.

आपल्याकडे करोनात पॅसेंजर गाड्यांना 'स्पेशल' नाव देऊन किमान भाडे 10 रुपयांवरून 30 रुपये केले गेले. ते खाली यायला 2024 उजाडले. दरम्यान ज्या मजुराने गाडी सोडली, त्याला आता 'प्रवासी नाहीत' या रकान्यात टाकू नका. मूर्तिजापूरच्या दोन्ही फाट्यांचा हिशेब मांडायचाच असेल, तर शंभर वर्षांत इथून गेलेल्या कापसाचे भाडेही जमेला धरा.