वचनातून देवाची इच्छा : बेळगाव-निपाणी भागातील शास्त्रवाचनाची परंपरा

आपल्या आयुष्याविषयी देवाची इच्छा काय आहे हे ख्रिस्ती माणसाने बायबलमधून कसे ओळखावे, हा प्रश्न बेळगाव-निपाणी भागात गेली दोनशे वर्षे विचारला जात आहे. प्रश्न नवा नव्हता, उत्तर शोधण्याची जागा नवी होती. बेळगाव, खानापूर, चंदगडपासून खाली कोकण-गोव्यापर्यंत ग्रामदेवतेला कौल लावण्याची चाल जुनी आहे. लग्न ठरवायचे असो, विहीर खणायची असो वा दूरगावी जायचे असो, मूर्तीला पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणे घालायचे आणि उजवीकडची पाकळी आधी पडते की डावीकडची हे पाहून निर्णय घ्यायचा. दुसरीकडे याच प्रदेशात पोथीचे पारायण होते, भजनी मंडळे होती आणि लिंगायत मठांत शरणांची वचने म्हटली जात. त्यामुळे ग्रंथातून धर्म शिकणे लोकांच्या अंगवळणी पडलेले होते. मात्र रोजच्या जगण्यातला निर्णय ग्रंथाच्या कसोटीवर घासून घ्यायचा, आणि तो ग्रंथ प्रत्येकाने, अगदी बाईने आणि गावकुसाबाहेरच्या माणसानेही, स्वतः वाचायचा, ही कल्पना येथे मिशनबरोबर आली.

ख्रिस्ती कथा मराठीतून सांगण्याचा प्रयत्न त्याआधी दोनशे वर्षे घाटाखाली झाला होता. मूळचे इंग्लंडचे जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापले गेले. ओवीबद्ध मराठीत जुन्या आणि नव्या करारातील कथा सांगणारा हा ग्रंथ नवख्रिस्ती लोकांना मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी होता. पण पुराण म्हणजे पुनर्कथन. खुद्द बायबल मराठी वाचकाच्या हाती पडायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

१८१८ मध्ये बेळगावचा किल्ला ब्रिटिशांकडे गेला आणि पुढे येथे लष्करी छावणी, म्हणजे आजचा कॅम्प, उभी राहिली. १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बल्लारीहून बेळगावला आले. नंतर विल्यम बेनन त्यांना येऊन मिळाले. १८३२ मध्ये टेलर यांनी इंग्रजी शाळा काढली. बेनन-स्मिथ हायस्कूल या नावाने शहराला माहीत असलेल्या शाळेचे मूळ तेच. शाळेत इतर विषयांबरोबर बायबलही असे, आणि मुलांच्या घरच्यांना ते ठाऊक असूनही इंग्रजी विद्येसाठी ती मुले शाळेत येत.

बल्लारीच्या जॉन हँड्स यांच्यामुळे कन्नड बायबलचे काम लवकर पुढे गेले होते. मराठीची वाट लांबची ठरली. विल्यम कॅरी यांनी बंगालमधील श्रीरामपूरला १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत छापला, पण ती भाषा दख्खनच्या माणसाला परकी वाटे. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत १८२६ मध्ये नवा करार आणि १८४७ मध्ये संपूर्ण बायबल काढले. म्हणजे टेलर यांच्या शाळेतल्या पहिल्या मुलांना सबंध मराठी बायबल मिळालेच नाही. ज्याला हा ग्रंथ नीट समजून घ्यायचा असे, त्याला इंग्रजीची मदत घ्यावी लागे.

या शाळेत पुढे शिकलेल्या मुलांपैकी एक म्हणजे बाबा पदमनजी. त्यांचा जन्म १८३१ मध्ये बेळगावात कासार कुटुंबात झाला. मराठी साहित्याचा इतिहास त्यांना १८५७ च्या ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीसाठी ओळखतो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र १८८८ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे आत्मचरित्र ‘अरुणोदय’ अधिक मोलाचे आहे. देवाची इच्छा शास्त्रातून शोधणारा मराठी माणूस नेमका कोणत्या वाटेने गेला, हे इतक्या तपशिलाने सांगणारे त्या काळातले दुसरे पुस्तक दाखवणे कठीण आहे.

बेळगावच्या शाळेत बायबलशी झालेली ओळख धड्यापुरती होती. पुढे मुंबईत फ्री चर्चच्या शाळेत शिकताना बाबांच्या मनात खरी खळबळ सुरू झाली. त्याच सुमारास ते परमहंस मंडळीत दाखल झाले. दादोबा पांडुरंग आणि राम बाळकृष्ण जयकर यांच्या पुढाकाराने १८४९ मध्ये सुरू झालेली ही गुप्त सभा जातिभेद मोडू पाहत होती. नव्या सभासदाला जात न पाळण्याची प्रतिज्ञा घ्यावी लागे आणि ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन ती खरी करावी लागे. सभेची दोन मुख्य तत्त्वे बाबांनी नोंदवून ठेवली आहेत. कोणत्याही धर्मावर हल्ला करायचा नाही, हे पहिले. आपल्या ग्रंथात ईश्वराचे निर्दोष वचन आहे असा दावा करणारा धर्म मानायचा नाही, हे दुसरे.

याच दुसऱ्या तत्त्वापाशी बाबा अडले. जातिभेद जावा, विधवांचे हाल थांबावेत, मूर्तिपूजा सोडावी, हे सारे त्यांना मान्य होते. पण देवाला काय हवे आहे हे केवळ माणसाच्या तर्काने ठरवायचे, तर ज्याचा तर्क वेगळा त्याचा देवही वेगळा होणार. देवाने स्वतः काही सांगितले असल्याशिवाय त्याची इच्छा कळायची कशी, हा त्यांचा प्रश्न होता. तो रास्त होता. मंडळीच्या सुधारकांनी जातीच्या प्रश्नावर दाखवलेले धैर्य मोठे होते, पण हे धैर्य कोणाच्या आज्ञेवर उभे आहे याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. १८६० मध्ये गुपित फुटल्यावर मंडळी पांगली, त्यामागचे एक कारण हेही म्हणता येईल.

शास्त्र प्रमाण मानल्यावर दुसरी अडचण उभी राहिली. मनाला पटणे आणि चारचौघांत पाऊल टाकणे या दोहोंत आईवडील, जातगंगा आणि सारा गोतावळा उभा होता. गुप्तपणे विश्वास ठेवून घरात राहता येईल का, हा मोह खरा होता. ‘यमुनापर्यटना’तील विनायक आणि यमुना हे जोडपे असेच लपून बायबल वाचते आणि प्रार्थना करते. बाबांनी अखेर लपण्याची वाट सोडली आणि १८५४ मध्ये बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. ज्या गावात आपल्याला सगळे ओळखतात तेथेच हे करणे सोपे नव्हते. पुढे त्यांनी पुण्याला शिक्षक म्हणून आणि नंतर पाळक म्हणून काम केले, १९०६ मध्ये मृत्यू येईपर्यंत शंभरावर पुस्तके लिहिली आणि नव्या करारावर मराठीत टीका रचली. ही टीका म्हणजे त्यांच्या मूळ प्रश्नाचा पुढचा टप्पा होता. शास्त्रात देवाची इच्छा आहे असे म्हटले, की ते शास्त्र साध्या वाचकाला समजावून देण्याची जबाबदारीही येते.

या परंपरेत शास्त्र वाचून देवाची इच्छा ओळखायची म्हणजे काय करायचे, ते येथे पाहणे आवश्यक आहे. अनुवादाच्या २९ व्या अध्यायात गुप्त गोष्टी देवाच्या आणि प्रकट केलेल्या गोष्टी माणसांच्या, अशी विभागणी आहे. ख्रिस्ती मंडळीतल्या शिकवणुकीचा पाया बहुधा हाच असतो. उद्या काय घडेल हे गुप्त. आज कसे वागावे हे प्रकट. मीखाच्या ६ व्या अध्यायात न्याय, दया आणि देवासमोरची नम्रता यांची मागणी आहे. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पवित्र जीवन आणि सर्व स्थितींत उपकारस्तुती यांना स्पष्टपणे देवाची इच्छा म्हटले आहे. रोमकरांस पत्राचा १२ वा अध्याय सांगतो, की मनाचे नवीकरण झाले म्हणजे देवाला काय आवडते ते पारखता येते. याकोबाचे पत्र पुढच्या वर्षाचे बेत फुशारकीने आखणाऱ्या व्यापाऱ्याला थांबवते. आणि गेथशेमाने बागेत खुद्द येशू आपली इच्छा बापाच्या इच्छेखाली ठेवतो. यातल्या एकाही ठिकाणी अमुक गावी जा, अमुक मुलीशी लग्न कर, असे उत्तर नाही. कसा माणूस व्हायचे हे सांगितले आहे. कोणती नोकरी धरायची हे त्यावरून ज्याने त्याने प्रार्थनापूर्वक ठरवायचे आहे.

१९०४ मध्ये लंडन मिशनने बेळगावचे काम अमेरिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चकडे सोपवले. या पंथाला हा प्रश्न त्याच्या संस्थापकापासूनच परिचित होता. जॉन वेस्ली तरुणपणी जॉर्जियात असताना, १७३७ मध्ये, लग्न करावे की नाही हे ठरवण्यासाठी चिठ्ठ्या टाकण्यात सामील झाले होते, आणि संकटात बायबल कुठेही उघडून पहिले दिसेल ते वचन घेण्याची सवयही त्यांना होती. कौल लावणाऱ्या बेळगावकराला हे ऐकून नवल वाटले नसते. पण पुढे धर्मोन्मादावरील प्रवचनात त्यांनी वेगळा मार्ग मांडला. स्वप्ने, भास आणि मनाचे अचानक उमाळे यांवर विसंबू नये. पवित्र व्हावे आणि दुसऱ्याचे भले करावे हा सर्वसाधारण नियम शास्त्र देते, आणि विशिष्ट प्रसंगी तो कसा लावायचा हे विवेक आणि अनुभव सांगतात. मेथॉडिस्ट मंडळ्यांत याला सोबतीची जोड मिळाली. लहान गटांनी एकत्र जमून आपापल्या वागण्याचा हिशेब एकमेकांना द्यायचा, ही या पंथाची मूळ पद्धत आहे. एकट्याला लागलेला अर्थ चारजणांपुढे ठेवला, की त्यातला स्वार्थ लवकर उघडा पडतो. प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया गावचे लोक प्रत्यक्ष पौलाचा उपदेशही रोज शास्त्राशी ताडून पाहतात. त्यांचे तेथे कौतुक केले आहे.

ज्यांना अक्षरओळखच नव्हती त्यांचे काय, हा प्रश्न पुस्तकावर उभ्या असलेल्या धर्मापुढे टळत नाही. मिशनच्या काळात त्याचे उत्तर बऱ्याच अंशी बायबल बाईंनी दिले. या स्थानिक ख्रिस्ती स्त्रिया घरोघर जात, एक वचन मोठ्याने वाचत, बायकांकडून ते पुन्हा पुन्हा म्हणवून घेत आणि पाठ झाल्यावर त्याचा अर्थ विचारत. जात्यावरच्या ओव्या तोंडी जपणाऱ्या बायकांना पाठांतराचे ओझे नव्हते. पंडिता रमाबाईंनी हीच गरज ओळखून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. संस्कृतप्रचुर शब्दांमुळे गावच्या बाईला देवाची आज्ञा कळत नसेल, तर दोष भाषांतरकाराचा, ही त्यामागची धारणा होती. विद्वत्ता असूनही ती बाजूला ठेवण्याची ही तयारी मराठी भाषांतराच्या इतिहासात विरळच.

निपाणीची जागा वेगळी आहे. पुणे-बंगळूर रस्त्यावरचे हे तंबाखूच्या व्यापाराचे गाव कोल्हापूर आणि बेळगाव यांच्यामध्ये येते. कोल्हापूरला १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर आले आणि त्यांचे काम १८७० मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेले. ते मराठीतून चाले. दक्षिणेला धारवाड-हुबळीत बासेल मिशनचे काम कन्नडमधून होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत बेळगाव आणि निपाणी तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले, सीमावाद पेटला आणि भाषा हा रोजच्या राजकारणाचा विषय झाला. मंडळीच्या आयुष्यात मात्र दोन्ही भाषांना आधीपासून जागा होती. देवाची इच्छा ज्याला त्याला त्याच्या घरच्या भाषेत कळली पाहिजे, या एका आग्रहापोटी कन्नड आणि मराठी ही दोन्ही बायबले तयार झाली होती. सीमाभागाच्या इतिहासात या गोष्टीची दखल फारशी कोणी घेतलेली नाही, ती घ्यायला हवी.

कॅथलिक मंडळीची वाट थोडी निराळी. बेळगावचे सेंट पॉल्स हायस्कूल १८५६ चे, तर बेळगाव धर्मप्रांत १९५३ मध्ये स्थापन झाला. गोव्याशी नाते असलेली कोकणीभाषक कुटुंबे येथे बरीच. या परंपरेत शास्त्राचा अर्थ चर्चच्या शिकवणुकीबरोबर आणि सदसद्विवेकाबरोबर लावला जातो, आणि मिस्सा दीर्घकाळ लॅटिनमध्येच होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये ‘देई व्हेर्बुम’ या दस्तऐवजातून सर्व श्रद्धावंतांना बायबल वाचण्याचे आवाहन केले आणि घरोघरच्या वाचनाला बळ मिळाले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ याच ओघातले.

आजही मराठी ख्रिस्ती घरांत संध्याकाळची प्रार्थना, ‘उपासना संगीत’मधले एखादे गीत आणि शास्त्रपाठ हा क्रम आढळतो. त्याचबरोबर नव्या वर्षाच्या उपासनेत वचनाची चिठ्ठी उचलून वर्षभरासाठी ती देवाचा शब्द म्हणून जपण्याची रीतही अनेक मंडळ्यांत आहे. या चिठ्ठीने धीर मिळतो, आणि आजारपणात किंवा कर्जात बुडालेल्या घराला धीराचे मोल मोठे असते. पण तिच्यावरून लग्न, जमीन किंवा नोकरी ठरवली, तर तो पाकळीऐवजी कागदावर लावलेला कौल होतो. वचनाच्या मागचा-पुढचा अध्याय वाचायचा, इतर वचनांशी ते ताडायचे, मंडळीतल्या जाणत्यांशी बोलायचे आणि मग जबाबदारीने निर्णय घ्यायचा, ही या भागातली जुनी आणि अधिक कष्टाची पद्धत आहे. ती एका मराठी माणसाने कशी पाळली हे ज्याला पाहायचे असेल, त्याने बेळगावच्या बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ मिळवून वाचावे.