सॅकवाल्यांची वाट, व्यापाऱ्यांची वही

दक्षिण अमेरिकेत पाठीवर सॅक टाकून महिनोन्‌महिने स्वस्तात भटकणाऱ्यांची एक मळलेली वाट आहे. ब्युनोस आयर्सहून उत्तरेला सीमेवरचं ला कियाका, पलीकडे बोलिव्हियातलं व्हियाझोन, मग उयुनीचं मीठपठार, ओरुरो, ला पाझ, टिटिकाका सरोवर, पुनो आणि शेवटी कुस्को. या वाटेला ‘ग्रिंगो ट्रेल’ म्हणतात. १९७०च्या दशकात केस वाढवलेल्या युरोपीय आणि अमेरिकी तरुणांनी ती शोधली, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते मुळीच पटत नाही. या वाटेचं कूळ एका जाडजूड वार्षिक पुस्तकात सापडतं आणि ते पुस्तक भटक्यांसाठी लिहिलंच गेलं नव्हतं. ते ब्रिटिश मालाच्या फिरत्या विक्रेत्यांसाठी होतं.

१९२१ साली फेडरेशन ऑफ ब्रिटिश इंडस्ट्रीज या कारखानदारांच्या संघटनेने ‘अँग्लो-साउथ अमेरिकन हँडबुक’ काढलं. लेखक होते डब्ल्यू. एच. कोबेल. दक्षिण अमेरिकेवर त्या काळी त्यांच्याइतकं इंग्रजीत क्वचितच कुणी लिहिलं असेल. हेतू सरळ होता: त्या खंडात माल खपवायला जाणाऱ्याला सगळी माहिती एका जागी मिळावी. १९२४ मध्ये रॉयल मेल स्टीम पॅकेट या जहाज कंपनीने ते हाती घेतलं आणि नाव झालं ‘द साउथ अमेरिकन हँडबुक’. पुढे ते पंचांगासारखं वर्षाच्या वर्षाला निघत राहिलं.

लिव्हरपूलहून ॲमेझॉनमार्गे थेट मानाउसपर्यंतचा ५,८९८ मैलांचा प्रवास, तोही केबिन न बदलता, त्यात सविस्तर दिलेला होता. बोटीवर रात्रीच्या जेवणाला काय घालावं, केप व्हर्दे बेटांवर तारायंत्र कंपनीच्या नोकरांशी क्रिकेटचा सामना कसा जुळवावा, हेही होतं. अशा पुस्तकातून फाटक्या खिशाच्या भटक्याला काय मिळणार, असं वाटेल. पण फिरत्या विक्रेत्याच्या गरजा नीट पाहा. तो हौशी पर्यटक नव्हे. देखणं गाव निवडण्याची चैन त्याला नाही. जिथे गिऱ्हाईक असेल तिथे, मग ते ओरुरोसारखं थंड, उघडंबोडकं खाणींचं गाव का असेना, त्याला जावंच लागतं. खर्चाचा हिशोब मालकाला द्यायचा असतो, म्हणून हॉटेलाचा दर आधी कळायला हवा. गाडी कुठल्या वारी सुटते, सीमेवर कुठले कागद दाखवायचे, चलनाचा भाव काय, हे सगळं त्याला लागतं. आणि ही माहिती दरवर्षी नवी लागते. आता हीच यादी सॅकवाल्यापुढे ठेवा. त्यातलं काहीही वगळावं लागत नाही.

रॉयल मेलचे अध्यक्ष लॉर्ड किल्सांट १९३१ मध्ये तुरुंगात गेले. १९२८च्या कर्जरोख्यांच्या माहितीपत्रकात गुंतवणूकदारांची दिशाभूल केल्याबद्दल त्यांना बारा महिन्यांची शिक्षा झाली. कंपनी मोडली, पुस्तक टिकलं. दुसऱ्या महायुद्धात बोटी बुडत असतानाही त्याच्या आवृत्त्या थांबल्या नाहीत. १९७०च्या दशकात सॅकवाल्यांची रीघ लागली, तेव्हा इंग्लंडातल्या बाथ शहरातून निघणारं हे पुस्तक अर्धशतक जुनं होतं. कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन यांनी त्याच्या संपादकांना काही दुरुस्त्या पाठवल्या, तेव्हा पत्त्यात प्रकाशकाचं नावच घातलं नाही. जगातल्या सर्वोत्तम प्रवासपुस्तकाचे प्रकाशक, बाथ, एवढ्यावर पत्र पोहोचलं.

विक्रेत्याचं पुस्तक तरुणांच्या हाती कसं पडलं? माझा तर्क असा की दुवा अमेरिकेच्या ‘पीस कोअर’चा असणार. १९६१पासून या संस्थेचे शेकडो तरुण स्वयंसेवक कोलंबिया, पेरू, बोलिव्हियाच्या खेड्यांत राहत होते. त्यांच्या हाती पैसे बेताचे आणि सुट्टीत हिंडायची ओढ मोठी. इंग्रजीत खंडभराची माहिती देणारं, दरवर्षी ताजं होणारं दुसरं पुस्तक होतं कुठे?

या मताला दोन तगडे प्रतिस्पर्धी आहेत. पहिला क्रांतिकारक चे गेव्हारा. १९५२ साली तो आणि आल्बेर्तो ग्रानादो नॉर्टन मोटरसायकलवरून निघाले, चिलीत गाडीने मान टाकली आणि पुढे ट्रकवाल्यांच्या मेहेरबानीवर प्रवास झाला. आजच्या प्रत्येक सॅकवाल्याला तो आपला पूर्वज वाटतो. पण त्याची प्रवासाची टिपणं पुस्तकरूपाने बाहेर आली १९९०च्या दशकात आणि त्यावरचा चित्रपट २००४ साली. तोवर ही वाट वहिवाटीची होऊन दोन दशकं उलटली होती.

दुसरा प्रतिस्पर्धी म्हणजे नंतरची स्वस्त प्रवासाची पुस्तकं. टोनी आणि मॉरीन व्हीलर यांचं पहिलं पुस्तक १९७३ मध्ये आलं, पण ते आशियाचं. हिलरी आणि जॉर्ज ब्रॅड्ट यांचं पेरू-बोलिव्हियातल्या पायवाटांवरचं पुस्तक १९७४चं. ते मला मनापासून आवडतं, पण ते डोंगर चढणाऱ्यांचं आहे. एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्याला ते पुरत नाही.

खरा पुरावा मात्र रुळांत आहे, आणि तो दिसल्यापासून मला हा नकाशा निराळाच दिसू लागला. उयुनीला रेल्वे १८८९ मध्ये आली ती वान्चाका कंपनीची चांदी चिलीच्या आंतोफागास्ता बंदरात न्यायला. आज प्रवासी जिथे फोटो काढतात ते गंजलेल्या इंजिनांचं स्मशान त्याच धंद्याचा अवशेष आहे. पुनोला रूळ १८७४ मध्ये पोहोचले. त्याआधीच ‘यावारी’ ही आगबोट इंग्लंडात सुटी करून, खेचरांच्या पाठीवरून अँडीज चढवून, ३,८०० मीटर उंचीवरच्या टिटिकाकात १८७० मध्ये उतरवली होती. अशा बोटींच्या वाहतुकीमुळे पुनो आणि पलीकडचा ग्वाकी धक्का जोडले गेले, आणि ग्वाकीहून ला पाझला गाडी होती. राहिलेला तुकडा, आतोचा ते व्हियाझोन, १९२५ साली पुरा झाला. म्हणजे हँडबुक रॉयल मेलकडे आल्याच्या पुढच्याच वर्षी ब्युनोस आयर्सहून ला पाझपर्यंत सलग रूळ झाले. चांदी, कथील आणि लोकर वाहणाऱ्या या रुळांवरून विक्रेता फिरला, त्याची नोंद पुस्तकात झाली, आणि ते पुस्तक वाचून सॅकवाला त्याच ठेसनांवर उतरला. गाड्या बंद पडल्या तिथे बसनेही तोच मार्ग धरला.

कुस्कोपुढच्या माचू पिच्चूचं काय? तिथे इंका राजांनी बांधलेली दगडी वाट आहे, हे खरं. पण बहुतेक प्रवासी उतरतात ते पायथ्याच्या आग्वास कालियेन्तेस गावात, आणि ते गाव रेल्वे बांधणाऱ्या मजुरांच्या वस्तीतून वाढलं.

माझ्या मताच्या सर्वांत आड येतो तो पातागोनिया. तिथली वाट कथील-चांदीने पाडलेली नाही. निव्वळ वारा आणि हिमनद्या पाहायला लोक जातात. पण तिथेही वाट धंद्याचीच निघते: तोरेस देल पाइने राष्ट्रीय उद्यानाला जाणारा सॅकवाला मुक्काम करतो पुएर्तो नातालेसला. १९११ मध्ये स्थापन झालेलं ते गाव मेंढ्यांच्या धंद्यावर वाढलं. गावाबाहेर पुएर्तो बोरिएसला मांस गोठवण्याचा प्रचंड कारखाना उभा राहिला, आणि तिथलं मांस, लोकर थेट ब्रिटनला जात असे. पुढे राष्ट्रीय उद्यानात गेलेल्या जमिनींवरही मेंढपाळीच चालायची.