फॉल्ट नेमका कुठाय?

गेल्या शनिवारी दौंडहून शिरूरला चाललो होतो. रस्त्याकडेला जुन्या टेलिफोन केबलसाठी खोदकाम चालू होतं. एक खड्डा, थोडं पुढे दुसरा, मग तिसरा. "फॉल्ट घावत न्हाई," एकजण म्हणाला. गाडी पुढे गेली, पण डोक्यात किडा वळवळायला लागला. न खोदता फॉल्ट शोधायची विद्या तर दीडशे वर्षं जुनी आहे!

पुण्याहून दौंडमार्गे जाणारी रेल्वे १८५८ ची, दौंड-मनमाड १८७८ ची. रुळांसोबत तारायंत्राच्या तारा आल्या. तार कुठे जमिनीला टेकली हे शोधायला तारवाले रेझिस्टन्स मोजायचे. बिघडलेली तार आणि शेजारची चांगली तार पलीकडच्या टोकाला जोडायची, व्हीटस्टन ब्रिजवर तोल साधायचा, गुणोत्तरावरून अंतर काढायचं. हीच 'मरे लूप' टेस्ट. पण तार पार तुटली तर लूपच होत नाही.

दुसरी युक्ती प्रतिध्वनीची. विहिरीत हाक मारावी तसा केबलमध्ये विजेचा झटका सोडायचा. जिथे केबल बदलते, तिथून तो परततो. लागलेला वेळ गुणिले वेग, भागिले दोन. झालं अंतर! याला टीडीआर म्हणतात.

आता खरी गंमत. १९८४ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डचा ८५१० नेटवर्क ॲनालायझर आला. तो झटका सोडतच नाही! एकेक फ्रिक्वेन्सी पाठवतो, किती परत आली आणि कोणत्या फेजमध्ये ते नोंदवतो, आणि शेवटी उलटा फुरिये लावतो. म्हणजे पडद्यावर दिसणारा 'वेळ' कुणी मोजलेलाच नसतो, तो हिशेबातून निघतो. फुरियेचं पुस्तक १८२२ चं, आणि हा हिशेब झटपट करणारा कूली-टुकीचा अल्गोरिदम १९६५ चा. आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांची कॉलर ताठ :-)

मोबाईल टॉवरच्या कोॲक्स केबलवर १ गिगाहर्ट्झची पट्टी मोजली, की साधारण १० सेंटिमीटरवरचे दोन दोष वेगळे ओळखता येतात. पण पावलं १ मेगाहर्ट्झची ठेवलीत, तर १०० मीटरपलीकडचा प्रतिध्वनी भलत्याच जागी दिसतो.

आणि सगळ्यात मोठी मेख म्हणजे वेग. तो केबलमधल्या इन्सुलेशनवर ठरतो आणि आपणच भरायचा असतो. प्रकाशाच्या ६६ टक्के असताना ८० भरलात, तर ५० मीटरवरचा फॉल्ट ६० मीटरवर दिसतो. यंत्र लाखाचं असो की कोटीचं, कुदळ दहा मीटर चुकणार.

असो. उन्हात खोदणारा माणूस यंत्रातला आकडा बघत नाही, आपण खूण केली तिथे खोदतो. खूण करण्याआधी आकडा दोनदा तपासावा, एवढंच.