संगीताचे वकीलपत्र

कलेला राजाश्रय हवा, असे आपण नेहमी म्हणतो. परंतु राजाचा आश्रय आणि राज्याचा आश्रय या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिला एका व्यक्तीच्या रसिकतेवर अवलंबून असतो; दुसऱ्याला नियम, अंदाजपत्रक आणि हिशेब लागतो. पहिल्यासाठी गवयाने दरबारात गावे, एवढे पुरे. दुसऱ्यासाठी मात्र कोणीतरी कलेचे वकीलपत्र घेऊन तिची बाजू राज्यकर्त्यांपुढे मांडावी लागते. हिंदुस्थानी संगीतासाठी हे काम ज्यांनी केले, त्यांत पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) हे अग्रगण्य होत. ते शिक्षणाने, आणि काही काळ व्यवसायानेही, वकीलच होते. त्यांच्या ग्रंथांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. राज्याचा पैसा संगीताकडे वळवण्याचा जो उद्योग त्यांनी केला, त्याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

दरबारी रीतीत गवयाला वेतन मिळे, बिदागी मिळे, मानाची वस्त्रेही मिळत. पण हे सारे त्याच्या देहाशी बांधलेले असे. गवई गेला की त्याची विद्या मुलाबाळांकडे किंवा दोन-चार शिष्यांकडे उरे. धनी बदलला की वेतनाचाही भरवसा नसे. या रीतीत मोठा पालट बडोद्यास झाला. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा काढली. दरबारचा गवई शाळेचा मास्तर झाला. त्याने स्वरलेखनाची पद्धती बसवली, पाठ्यपुस्तके रचली. संगीतावरील खर्च हा करमणुकीचा खर्च न राहता शिक्षणाचा खर्च ठरू शकतो, हे या शाळेने दाखवून दिले.

भातखंड्यांनी हेच सूत्र पुढे नेले. त्यांच्या प्रेरणेने मार्च १९१६ मध्ये बडोद्यास, सयाजीरावांच्या आश्रयाखाली, पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पुढील परिषदा दिल्ली, काशी व लखनौ येथे झाल्या. तेथे जलसे झाले, तशी रागरूपांची चर्चाही झाली, आणि सर्व देशासाठी एक संगीत अकादमी असावी, ही कल्पना मांडली गेली. या खटपटीचे मर्म आम्हांला असे दिसते की, खजिन्याला सूर ऐकू येत नाहीत. त्याला इयत्ता, अभ्यासक्रम, परीक्षा आणि शिक्षकांची संख्या एवढेच समजते. दहा थाटांची मांडणी, लक्षणगीते आणि क्रमिक पुस्तके यांनी शास्त्राची सेवा झाली हे खरेच; पण त्यांमुळेच सरकारदरबारी मागणी करता येईल असे रूपही संगीताला आले.

मागणीला फळही आले. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी राजाभैया पूछवाले आदी गवयांना ही पद्धती शिकण्यासाठी भातखंड्यांकडे मुंबईस पाठवले, आणि जानेवारी १९१८ मध्ये ग्वाल्हेरीस माधव संगीत महाविद्यालय उघडले. लखनौस १९२६ मध्ये निघालेल्या महाविद्यालयाची कथा याहून बोधप्रद आहे. तेथे राजा नव्हता. राय उमानाथ बली यांनी खटपट केली, राय राजेश्वर बली हे त्या वेळी संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री होते, आणि संस्थेला नाव मिळाले गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे. १९१९ च्या सुधारणांनी शिक्षणखाते हिंदी मंत्र्यांच्या हाती आले होते. त्या संधीचा हा उपयोग होता. तेथे पुढे प्राचार्य झालेले श्रीकृष्ण रातंजनकर हे बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर फैयाजखाँसाहेबांकडे शिकले होते. एका राज्याने केलेला खर्च दुसऱ्या प्रांताच्या कामी आला, तो असा.

दुसरा मार्ग पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचा. त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर व जलशांच्या उत्पन्नावर ते चालवले. त्या मार्गाने संगीत घराघरांत गेले, मध्यमवर्गात त्याला प्रतिष्ठा आली. परंतु मुंबईस उभारलेली संस्थेची इमारत कर्जापायी हातची गेली. लोकाश्रयात स्वातंत्र्य आहे, पण कर्जाच्या दिवशी पाठीशी उभे राहील असे कोणी नसते.

तथापि राज्याश्रयाचीही किंमत मोजावी लागली, हे सांगितल्यावाचून हा विचार पुरा होणार नाही. संगीताची बाजू मांडणारे वकील, तालुकेदार आणि मंत्री होते. उस्तादांना परिषदांत गाण्यासाठी बोलावले गेले, त्यांच्याकडून चिजा मिळवल्या गेल्या; पण शाळेचा आराखडा ठरवताना त्यांचा शब्द क्वचितच निर्णायक ठरला. गुरूच्या सहवासात वर्षानुवर्षे मुरणारी तालीम अंदाजपत्रकाच्या कोणत्या रकान्यात घालावी, हे कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून ती रकान्याबाहेर राहिली. आम्ही शाळा चालवणारी माणसे. उत्तीर्ण होणे निराळे आणि विद्या येणे निराळे, हे आम्हांला अनुभवाने ठाऊक आहे. ज्याची विद्या तोच मागणी करणाऱ्यांत नसेल, तर पैसा मिळतो, पण तो विद्येच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही.

असे असूनही भातखंड्यांचा निकाल आम्ही त्यांच्याच बाजूने देऊ. १९४८ मध्ये ग्वाल्हेरचे आणि १९४९ मध्ये बडोद्याचे संस्थान विलीन झाले. गाद्या गेल्या, दरबार उठले. शाळा मात्र उरल्या. बडोद्याची गायनशाळा तेथील विद्यापीठाचा भाग झाली. लखनौची संस्था १९६६ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने हाती घेतली, तिला भातखंड्यांचे नाव मिळाले, आणि आता ती विद्यापीठ झाली आहे. परिषदांत मांडलेली अकादमीची कल्पना १९५३ मध्ये दिल्लीस संगीत नाटक अकादमीच्या रूपाने साकार झाली. ते पाहण्यास भातखंडे मात्र नव्हते.

राजाने दिलेले दान एकदाच मागावे लागे. राज्याचे अनुदान दर साली नव्याने मागावे लागते, आणि मागणारा थकला की ते आटते. म्हणून वकीलपत्र एकदा घेऊन भागत नाही. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर येथे आपण ज्या संस्थांच्या सावलीत वाढलो, त्यांची बाजू आज कोण मांडतो, आणि मांडताना शिकवणाऱ्याला शेजारी बसवतो की नाही, एवढे तरी प्रत्येकाने आपल्या गावापुरते विचारावे.