अर्देशीर कर्सेटजी यांची आगबोट

मुंबईच्या गोदीचा इतिहास हा पुष्कळसा वाडिया घराण्याचाच इतिहास आहे. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी सुरतेहून मुंबईस आले आणि तेव्हापासून या घराण्यातील पुरुषांनी सागवानाची उत्तमोत्तम जहाजे बांधली. १८१७ साली पाण्यात लोटलेले त्यांचे ‘त्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे अजून तरंगत आहे.

परंतु एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच जहाजविद्येचे पारडे फिरू लागले. शिडांच्या जागी बाष्पयंत्र आले. १८३० च्या मार्च महिन्यात ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझकडे निघाली. तिचा सांगाडा मुंबईच्या सुतारांनी घडविला होता, यंत्रे मात्र इंग्लंडहून आली होती. यापुढे मुंबईचा कारागीर केवळ लाकडाचा कवच बांधणाराच राहणार काय, हा खरा प्रश्न होता.

या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न त्याच घराण्यातील एका तरुणाने केला. अर्देशीर कर्सेटजी यांचा जन्म १८०८ चा. चौदाव्या वर्षी ते गोदीत शिरले, परंतु त्यांचे मन रमले ते यंत्रात. प्रथम त्यांनी स्वतःच्या हातांनी अवघ्या एका अश्वशक्तीचे बाष्पयंत्र तयार केले आणि ते विहिरीचे पाणी उपसण्यास जुंपले. यंत्र लहान असले तरी त्याची विद्या लहान नसते. बॉयलरचा जोड वाफेच्या दाबाखाली टिकला पाहिजे. नळकांड्यातील दट्ट्या घट्ट बसूनही मोकळा सरकला पाहिजे. या दोन गोष्टी ज्याच्या हातास साधल्या, त्याला मोठ्या यंत्राचे भय उरत नाही.

१८३३ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी ‘इंडस’ नावाची ६० टनांची लहान बोट बांधून तिला बाष्पयंत्र जोडले. असे यंत्र बोटीत बसविणे हे ते जमिनीवर चालविण्याहून अवघड असते. शिडाच्या गलबतात भार सर्वत्र वाटून ठेवता येतो. यंत्र आणि बॉयलर यांचा भार एकाच ठिकाणी पडतो. तो जरा एका अंगास गेला की बोट कलते. लाटेवर लाकडी सांगाडा किंचित वाकतो आणि त्याबरोबर सरळ ठेवलेला आसही अडखळू लागतो. शिवाय सागवानाच्या पोटात अखंड अग्नी पेटता ठेवावयाचा! येथे सुतार आणि लोहार या दोघांचीही दृष्टी एकाच माणसास लागते. अर्देशीरांपाशी ती होती.

१८३४ मध्ये माझगाव येथील आपला बंगला आणि बाग त्यांनी गॅसच्या दिव्यांनी उजळली. १८३९ मध्ये सागरी बाष्पयंत्रांच्या अभ्यासासाठी ते इंग्लंडला गेले. १८४१ च्या एप्रिलपासून मुंबईच्या सरकारी बाष्प-कारखान्याचे मुख्य अभियंता म्हणून त्यांनी सूत्रे हाती घेतली आणि त्याच वर्षी २७ मे रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्य निवडले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत.

मान मिळाला, तरी वाट निष्कंटक नव्हती. त्यांच्या हाताखाली सुमारे शंभर युरोपीय आणि दोनशे एतद्देशीय कारागीर होते. गोऱ्या कामगारांवर हिंदी माणसाने अधिकार चालवावा, हे मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रास रुचले नाही आणि त्याने ते उघड बोलून दाखविले. अर्देशीरांचे उत्तर त्यांच्या कामातच होते. १८५१ मध्ये ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात उतरली. तिचे सारे सुटे भाग त्यांच्या घरच्या ओतशाळेत तयार झाले होते. ‘ह्यू लिंडसे’नंतर वीस-एकवीस वर्षांतच ही मजल गाठली गेली.

१८७७ मध्ये इंग्लंडमधील रिचमंड येथे त्यांचे निधन झाले. १९६९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. परक्याचे यंत्र विकत घेता येते, त्याची विद्या मात्र स्वतःच्या हातांनीच मिळवावी लागते. अर्देशीरांनी ती विहिरीवरच्या एका लहानशा यंत्रापासून मिळविली.