शिवेवरचा कोहळा : मारतहळ्ळीच्या शरदातील भय आणि पाऊस

महाराष्ट्राच्या देशावर भाद्रपद सरत आला की पाऊस परतीला लागतो, आश्विनात आकाश निवळते आणि शरद म्हणजे पावसातून सुटका अशी समजूत मनात पक्की होते. बेंगळूरूच्या पूर्वेकडील मारतहळ्ळी येथे मात्र हा ऋतू पावसाचाच असतो. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरील या पठारावर सप्टेंबर हा वर्षातील सर्वाधिक पावसाचा महिना असून ऑक्टोबरही त्याच्या फारसा मागे नसतो. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या मोसमी पावसाला कन्नड शेतकरी ‘मुंगारू’, म्हणजे आधीचा पाऊस, आणि ऑक्टोबरपासून ईशान्येकडून येणाऱ्या पावसाला ‘हिंगारू’, म्हणजे मागाहूनचा पाऊस, असे म्हणतो. या दोहोंच्या सांध्यावरच येथील मुख्य पीक असलेल्या नाचणीची, म्हणजे रागीची, कणसे भरतात. पितृपक्ष, आयुधपूजा आणि नरकचतुर्दशी ही मृतांची, दृष्टीची आणि राक्षसांची पर्वे याच सुमारास येतात. त्यांच्या तिथी पंचांगाने ठरविल्या असल्या आणि त्यांच्या कथा सर्व भारताच्या असल्या, तरी या गावांत त्यांना जे वजन आले ते तलावाने, पिकाने आणि साथींनी दिले, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

मारतहळ्ळी हे महसुली दप्तरात वर्तूर होबळीतील एक खेडे होते. होबळी म्हणजे तालुक्याच्या खालचा, काही गावांचा मिळून झालेला महसुली गट. जवळ बारमाही नदी नाही, जमीन तांबडी आणि उताराची. त्यामुळे उतारावर बांध घालून पाणी अडवायचे, एक तलाव भरला की त्याचे जादा पाणी कालव्याने खालच्या तलावात सोडायचे, अशी साखळी या भागात शतकानुशतके उभी राहिली. शहराचा सर्वांत मोठा तलाव असलेल्या बेळ्ळंदूरचे पाणी वर्तूरच्या तलावात जाते आणि तेथून पुढे दक्षिण पिनाकिनी नदीला मिळून तमिळनाडूत उतरते. तलावाच्या सांडव्याला कन्नडमध्ये ‘कोडी’ आणि जोडकालव्याला ‘राजकालुवे’ म्हणतात. ‘तूबू’, म्हणजे पाणी सोडण्याचे दार, उघडण्याचा आणि शेताशेताला पाणी वाटण्याचा अधिकार ‘नीरगंटी’ या वतनदाराकडे असे. कोडी वाहू लागली की गावातील स्त्रिया सुपात हळदकुंकू, बांगड्या, खण आणि धान्य ठेवून ते ‘बागिन’, म्हणजे आपल्याकडील वाण, तलावाला अर्पण करीत. बांधावर गंगम्मेचे ठाणे असे. महाराष्ट्रात विहिरीच्या काठी ज्या सात आसरांना नैवेद्य दाखवून पोरांना पाण्यापासून दूर ठेवले जाते, त्यांच्याशी गंगम्मेचे नाते उघड आहे: पाणी देणारीच पाणी घेणारीही असते, आणि बांध फुटला तर नाचणीसह गाव जाते, ही जाणीव त्या पूजेत होती. शरदातील भय येथे प्रथम पाण्याचे होते, आणि भुताखेतांच्या गोष्टी त्याच्या मागोमाग येत.

बेंगळूरूच्या भूमीत मृतांचे स्मरण दगडातही सापडते. शहराच्या दक्षिणेकडील बेगूर येथे, इसवी सन ८९० च्या सुमाराच्या ज्या वीरगळावर बेंगळूरू हे नाव सर्वप्रथम आढळते, तो लढाईत पडलेल्या माणसासाठीच उभारलेला आहे. वीरगळ ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही, कारण त्याच नावाने आणि जवळजवळ त्याच रूपात ती सातारा-कोल्हापूरच्या गावांतही दिसते. वर्षाच्या फेऱ्यातील स्मरण महालय अमावास्येला, म्हणजे मराठी घरांतील सर्वपित्रीला, होते. ब्राह्मण घरांत श्राद्ध आणि पिंड असतात, तर शेतकरी आणि कारागीर जातींत त्याला ‘हिरियर हब्ब’, म्हणजे वडीलधाऱ्यांचा सण, असे म्हणतात आणि पितरांपुढे नवी वस्त्रे ठेवून ‘एडे’, म्हणजे त्यांच्या आवडीचे पान, वाढतात. त्यात मटणही असते आणि कित्येक घरांत मद्यही. काही समाज हाच विधी दिवाळीत करतात. मेलेला माणूस वर्षातून एकदा जेवायला घरी येतो आणि तृप्त होऊन परत जातो, न जेवल्यास रेंगाळतो, ही कल्पना आयर्लंडातील कापणीनंतरच्या जुन्या सणातही होती आणि हॅलोविनची मुळे तिथेच शोधली जातात, हे येथे नमूद करणे अस्थानी होणार नाही.

मराठी माणसाला या भूमीचा इतिहास परका नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने बेंगळूरू जिंकल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि पुढे सुमारे अर्धशतक भोसल्यांकडे राहिले. दोन भाषांच्या या दीर्घ शेजारामुळे खंडेनवमीची शस्त्रपूजा, कोहळ्याचा विधी आणि दृष्ट काढण्याची रीत यांत काय मूळचे कानडी आणि काय मराठी हे वेगळे काढणे अवघड आहे, आणि त्याचा हट्ट धरण्यातही फारसे हशील नाही.

शरदाला रोगांचा ऋतू मानण्याची परंपरा आयुर्वेदात जुनी आहे. शार्ङ्गधरसंहितेने कार्तिकाच्या अखेरच्या आठ आणि मार्गशीर्षाच्या पहिल्या आठ दिवसांना ‘यमदंष्ट्रा’, म्हणजे यमाची दाढ, असे नाव देऊन त्या काळात मिताहार सांगितला आहे. पाऊस ओसरल्यावर साचलेल्या पाण्यात डास वाढतात आणि ताप पसरतो, हा अनुभव त्यामागे असावा. १८९८ च्या ऑगस्टमध्ये बेंगळूरूत प्लेग शिरला. मुंबईत तो १८९६ च्या सप्टेंबरात उघड झाला होता आणि लोहमार्गाने दक्षिणेकडे सरकत आला होता, म्हणजे दोन्ही शहरांत या साथीचा आरंभ पावसाळ्याच्या उत्तरार्धातच झाला. दाट वस्ती सोडून मोकळ्यावर राहणे, घरे धुणे, माणसे अलग करणे हे सरकारी उपाय चालू असताना लोकांनी ‘प्लेग मारम्मा’ या नव्या देवीची ठाणी उभारली. मारम्मा ही मूळची शिवेवरची देवी. रोग आणि परकी पिशाचे गावात शिरू नयेत म्हणून ती वेशीबाहेर राखण करते, आणि म्हणूनच ज्या वस्तूंत अनिष्ट उतरविलेले असते त्या शिवेवर नेऊन टाकण्याचा प्रघात पडला. पुढे शहर वाढत गेले, शिवा पुसल्या गेल्या आणि टाकण्याची जागा मात्र ठरेनाशी झाली.

कोहळा हा या साऱ्या प्रघाताचा सर्वांत टिकाऊ अवशेष होय. पशुबळीच्या ऐवजी कोहळा कापण्याच्या विधीला धर्मग्रंथांत ‘कूष्मांडबली’ म्हटले आहे. आयुधपूजेच्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, कोहळ्याला छिद्र पाडून त्यात कुंकू आणि नाणी भरतात, तो वाहनावरून, यंत्रावरून किंवा दारावरून ओवाळतात आणि रस्त्यावर आपटून फोडतात. फुटल्यावर दिसणारा लाल गर रक्ताची आठवण देतो, आणि ती द्यावी हाच हेतू असतो. विजयनगरच्या महानवमीतून म्हैसूरच्या राजघराण्याने उचललेला हा शस्त्रपूजेचा उत्सव १६१० पासून श्रीरंगपट्टणात साजरा होऊ लागला; त्यात पुढे तलवारीच्या जागी नांगर, मग लेथ आणि अखेर संगणक आला. मारतहळ्ळीच्या बाबतीत हा बदल एका विशिष्ट कारखान्याशी जोडलेला आहे. सोलापुरात जन्मलेले उद्योजक वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी बेंगळूरूत स्थापन केली, आणि तिच्या धावपट्टीच्या पूर्वेकडील मारतहळ्ळी हे शेतकऱ्यांबरोबर कामगारांचेही गाव झाले. पुढे १९९० च्या दशकात व्हाइटफील्डला माहिती-तंत्रज्ञानाची संकुले उभी राहिली, बाह्य वर्तुळाकार रस्ता गावाजवळून गेला आणि नाचणीच्या शेतांवर इमारती चढल्या. आज आयुधपूजेनंतरच्या सकाळी चौकाचौकांत कोहळ्याचा चिखल, लिंबे आणि केळीचे खुंट पडलेले असतात, दुचाक्या घसरतात आणि कोहळे रस्त्यावर फोडू नका असे आवाहन दरवर्षी करावे लागते. पूर्वी शिवेवर जाणारी ही वस्तू आता रस्त्यातच पडते, कारण चारी बाजूंना गावच आहे.

१९९० च्या याच दशकात कर्नाटकात ‘नाळे बा’ ही अफवा पसरली. रात्री एक स्त्री-पिशाच दार ठोठावते, ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारते आणि दार उघडणाऱ्याचा जीव घेते, म्हणून दारावर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असे लिहून ठेवावे, म्हणजे ती रोज वाचून रोज परत जाते, असा तो समज होता. बेंगळूरूच्या अनेक वस्त्यांत भिंतींवर आणि दारांवर ही अक्षरे दिसत. २०१८ च्या ‘स्त्री’ या हिंदी चित्रपटाने ही कल्पना चंदेरीत नेऊन बसविली. भूतपिशाचांना अडविण्याचे ठिकाण वेशीवरून सरकून प्रत्येकाच्या उंबऱ्यावर आले, ही या अफवेतील खरी नवलाची गोष्ट. गावाला शीव असताना राखण सामाईक होती. भाड्याच्या खोल्यांच्या वस्तीत ज्याने त्याने आपापले दार राखायचे. बांधकाम चालू असलेल्या इमारतींवर टांगलेली ‘दृष्टी गोंबे’, म्हणजे मोठाल्या मिशांची, सुळ्यांची आणि बटबटीत डोळ्यांची राक्षसमुखे, हीही याच राखणीची एक शाखा आहे आणि मारतहळ्ळीत बांधकाम कधी थांबत नसल्यामुळे ती बारा महिने दिसतात.

२०२४ मध्ये नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला, म्हणजे नेमकी हॅलोविनच्या दिवशी, आली. त्या दिवशी पहाटे मराठी घरांत अभ्यंगस्नानानंतर डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट हे कडू फळ नरकासुर म्हणून चिरडले जाते, आणि गोव्यात रात्रभर मिरविलेल्या नरकासुराच्या अक्राळविक्राळ प्रतिमा पहाटे जाळल्या जातात. बेंगळूरूच्या गृहसंकुलांत आणि कार्यालयांत रुजलेल्या हॅलोविनमध्ये मुले मुखवटे घालून दारोदार खाऊ मागतात. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सव असतो, आणि २ नोव्हेंबरला शहरातील ख्रिस्ती कुटुंबे मृतांच्या स्मरणदिनी कबरींवर फुले वाहून मेणबत्त्या लावतात. हॅलोविनला परकी नक्कल म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की राक्षसाचा मुखवटा या वस्तीला नवा नाही. नवा आहे तो मुखवट्याखालचा निर्धास्तपणा, कारण त्या मुलांच्या खेळावर कोणाचेही पीक अवलंबून नसते.

पावसाच्या बाबतीत मात्र निर्धास्तपणाला जागा उरलेली नाही. मराठी आणि कन्नड शेतकरी पाऊस सूर्यनक्षत्रांनी मोजतात: सप्टेंबरच्या अखेरीस हस्त, मग चित्रा, मग स्वाती. मराठी मुलींचा हादगा किंवा भोंडला हा हस्ताच्या पावसाचाच खेळ असून पाटावर काढलेला हत्ती त्याचीच खूण आहे. नक्षत्रे सौर आणि सणांच्या तिथी चांद्र असल्यामुळे महालय अमावास्या कधी हस्ताच्या आधी येते, जशी २०२२ मध्ये २५ सप्टेंबरला आली, तर अधिक मासाच्या वर्षी ती चित्रेपर्यंत लांबते, जशी २०२३ मध्ये १४ ऑक्टोबरला गेली. हा मागेपुढेपणा जुन्या शेतकऱ्याला ठाऊक होता आणि त्याच्या हिशेबात बसत होता. आता मात्र त्या हिशेबापलीकडची वर्षे येत आहेत. बेंगळूरूच्या वार्षिक पावसाचा २००५ चा विक्रम २०१७ मध्ये मोडला आणि २०१७ चा २०२२ मध्ये. २०२२ चा आकडा १,९०० मिलिमीटरच्या पुढे गेला, म्हणजे सरासरीच्या जवळजवळ दुप्पट. त्यानंतरचे वर्ष एल निनोचे, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी तापून मोसमी पाऊस ढळण्याचे, ठरले; कर्नाटकात दुष्काळ जाहीर झाला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात शहराच्या बोअरवेली आटल्या. हवा एका अंशाने तापली तर ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, त्यामुळे पाऊस थोड्या तासांत अधिक कोसळण्याची शक्यता वाढते, हे भौतिकशास्त्र सर्वमान्य आहे.

तथापि सप्टेंबर २०२२ मध्ये बाह्य वर्तुळाकार रस्ता पाण्याखाली गेला आणि संगणक अभियंत्यांना ट्रॅक्टरवर बसून कार्यालय गाठावे लागले, त्याचे खापर केवळ हवामानावर फोडता येत नाही. राजकालुवे बुजवून आणि तलावांच्या पाणलोटात बांधकामे करून पाण्याची वाट शहराने स्वतःच अडविली होती. महादेवपूर विभागात त्यानंतर चाललेली अतिक्रमणे पाडण्याची मोहीम हा त्याचाच कबुलीजबाब होता. तलावही पालटले. बेळ्ळंदूर आणि वर्तूर आता प्रामुख्याने सांडपाण्याने भरतात, साबणातील आणि मैल्यातील द्रव्ये तळाशी साचतात आणि जोराच्या पावसाने पाणी घुसळले की सांडव्यावर फेसाचे ढीग चढून रस्त्यावर येतात. भारतीय विज्ञान संस्थेतील टी. व्ही. रामचंद्र यांनी याचा दीर्घ अभ्यास केला आहे. बेळ्ळंदूरचा तलाव २०१७ च्या फेब्रुवारीत आणि २०१८ च्या जानेवारीत चक्क पेटला. ज्या कोडीच्या वाहण्याला एके काळी बागिन दिले जाई, ती वाहू लागली की आता नाके दाबावी लागतात आणि खालच्या मजल्यावरील गाड्या हलवाव्या लागतात. २०१८ पासून या खोऱ्यातील सांडपाणी शुद्ध करून नळांवाटे पूर्वेकडील कोलार जिल्ह्यातील कोरड्या तलावांत सोडले जाऊ लागले. दिवसाला चव्वेचाळीस कोटी लिटर एवढी त्या योजनेची आखणी होती. आरंभीच तेथील एका तलावावर फेस दिसला आणि प्रकरण न्यायालयात गेले, परंतु योजना पुढे चालू राहिली, आणि नाचणीच्या त्या जिल्ह्यातील कित्येक तलावांत पावसाची वाट न पाहता पाणी दिसू लागले.